शंभर टक्के गुण

मुंबईच्या लोकलमध्ये दरवाजाजवळ उभं राहायला जागा मिळाली तर वाचायला भरपूर असतं. मूळव्याध, मुतखडा, पांढरे डाग, दमा, संतती, उंची, वजन, दारू सोडवणे, गेलेलं प्रेम परत आणणे. माणूस एकच, मोबाइल नंबर एकच. गुण शंभर टक्के, खात्री लेखी, पहिली भेट मोफत. आणि खाली बारीक अक्षरांत ‘नकली बाबांपासून सावध राहा’ अशी कळकळीची सूचना.

आता दुसरी एक यादी पाहू. ही संसदेनं केलेली आहे. १९५४ चा ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आणि अवस्था आहेत, आणि त्या बऱ्या करतो अशी जाहिरात करायला मनाई आहे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, मुतखडा, लकवा, पांढरे डाग, लठ्ठपणा, स्त्रीचं वंध्यत्व आणि चक्क माणसाची उंची. पहिल्यांदा दोषी ठरला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर वर्षापर्यंत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की वाटतं, स्टिकर छापणाऱ्यानं कायद्याचं परिशिष्टच मेनूकार्ड म्हणून वापरलं असावं. सत्तर वर्षांत त्यात प्रेम आणि दारूची भर पडली, एवढीच काय ती प्रगती.

पण स्टिकरवाल्यांना झोडपण्यात आता मजा नाही. ते मागच्या पिढीतले. खरा धंदा मोबाइलच्या पडद्यावर सरकलाय. मागे तुळशीची कुंडी, अंगात लिननचा कुर्ता, चेहऱ्यावर रिंग लाइटचं तेज, नावाखाली ‘होलिस्टिक वेलनेस कोच’. पूर्वी वैद्य व्हायचं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं खल कुटावा लागे. आता शुक्रवारची रजा टाकली की सोमवारी रेकी मास्टर होऊन ऑफिसात हजर राहता येतं. एचआरला कळतही नाही की आपल्याकडे आता वैश्विक ऊर्जेचा अधिकृत वितरक बसतो.

या मंडळींकडे धंद्याच्या नीतीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं. ‘आमची परंपरा पाच हजार वर्षांची. आम्हाला आचारसंहिता शिकवणारे तुम्ही कोण?’

बरोबर आहे. आपण कोणीच नाही. चरकालाच विचारू.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकोणतिसावा अध्याय आहे. ज्यांच्या दवाखान्यात, दुकानात आणि यूट्यूब चॅनेलवर चरकाची तसबीर लावलेली असते, त्यांनी तो वाचला असेल असं वाटत नाही. वाचला असता तर तसबीर उतरवली असती. त्यात वैद्यांचे दोन प्रकार सांगितलेत. एक प्राणाभिसर, म्हणजे रोग्याचे प्राण राखणारे. दुसरे रोगाभिसर, रोगाच्या बाजूनं लढणारे. पहिल्यांबद्दल आदरानं लिहून झाल्यावर ग्रंथकार दुसऱ्यांकडे वळतो आणि मग असा काही सुटतो, की आमच्यासारख्या तिरकस लिहिणाऱ्यांनी लेखणी खाली ठेवावी.

हे लोक वैद्याचा वेश करून, स्वतःची बढाई मारत, गिऱ्हाईक शोधत रस्त्यांवरून हिंडतात, असं तो सांगतो. (कुर्ता. रिंग लाइट.) कुणी आजारी असल्याचं कानावर आलं की तिकडे झेपावतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आईच्या गुडघ्यासाठी चांगला ऑर्थोपेडिक सुचवा’ असं टाकून पाहा. ऑर्थोपेडिकचा नंबर यायच्या आत तीन तेलं, दोन पट्टे आणि एक चुंबकाची गादी येते. रोग्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते आपले गुण गातात. आधीपासून ज्या वैद्याचं औषध चालू आहे त्याच्या चुका पुन्हा पुन्हा उगाळतात. रोग्याच्या मित्रमंडळींना गोड बोलून आपलंसं करतात. आजच्या भाषेत, दोन मैत्रिणी आणा आणि तिसरं सेशन मोफत मिळवा. आणि हे सगळं करताना ‘मला काही फार नको हो’ असं सांगत राहतात. पहिली भेट मोफत हा शोध मार्केटिंगवाल्यांचा आहे, असा माझा समज होता.

पुढे तर कमाल आहे. रोग आवरेना झाला की हे वैद्य दोष रोग्यावर ढकलतात. त्याच्याकडे साधनं नाहीत, सेवेला माणूस नाही, त्याचा स्वतःवर ताबा नाही. हे वाचताना मला गेल्या काही वर्षांत कानांवर पडलेली सगळी वाक्यं आठवली. तुम्ही पथ्य पाळलं नाही. तुमची श्रद्धा कमी पडली. तुम्ही मनापासून ‘मी बरी आहे’ असं म्हणालाच नाहीत. त्यातलं सर्वांत हुशार म्हणजे, त्रास वाढतोय ना, उत्तम, शरीर विष बाहेर टाकतंय. याला ‘हीलिंग क्रायसिस’ म्हणतात. बरं वाटलं तर औषधाचा गुण, वाईट वाटलं तर औषधाचा जास्तच गुण. असा धंदा बुडणार कसा?

रोगी शेवटाला लागला की हे लोक सबब सांगून दुसऱ्या प्रांतात निघून जातात, असंही ग्रंथात आहे. आता प्रांत सोडावा लागत नाही. अकाउंटचं नाव बदललं की झालं. विद्वानांचा घोळका दिसला की दुरूनच वाट बदलतात, प्रश्नांना मरणासारखे घाबरतात, यांचा गुरू कोण, शिष्य कोण, बरोबर शिकलेलं कोण, याचा कुणालाच पत्ता नसतो. एखाद्या रीलखाली सभ्य शब्दांत विचारून पाहा, या चूर्णात नक्की काय आहे आणि किती? उत्तर येत नाही. आपण ब्लॉक होतो.

आणि असे लोक देशभर का फिरतात, तर राजाच्या गाफीलपणामुळे, हेसुद्धा त्याच अध्यायात आहे. राजा कोण, ते सांगायला नको.

राजाची गोष्ट थोडक्यात अशी. २०१८ मध्ये औषधांच्या नियमावलीत १७० क्रमांकाचा नियम आला. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. साधी गोष्ट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आयुष मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं, की या नियमाखाली कारवाई करू नका. नियम जागेवर, फक्त पाळायचा नाही. मग पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गाजलं. इंडियन मेडिकल असोसिएशन तिथे गेलेली होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत माफीनामा छापून आला, तेव्हा कोर्टानं विचारलं, तुमच्या जाहिराती असतात त्याच आकाराची माफी आहे का ही? मग पुढची माफी मोठी आली. आपल्या देशात पश्चात्ताप कॉलम सेंटीमीटरमध्ये मोजता येतो हे त्या दिवशी सिद्ध झालं. जुलैमध्ये मंत्रालयानं तो नियमच काढून टाकला. ऑगस्टमध्ये कोर्टानं त्या काढण्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रकरण निकाली निघालं आणि स्थगितीही गेली. नियमाला काही गुण आला नाही.

तोवर गावोगाव बोगस डॉक्टर शोधमोहिमा जोरात चालू असतात. त्यात कोण सापडतं? कंपनी सापडत नाही. पत्र्याच्या खोलीतला, खांद्याला झोळी लावून पाड्यावर फिरणारा कुणीतरी सापडतो. त्याला सोडा असं माझं म्हणणं नाही. त्याच्या सांधेदुखीच्या पुडीत कुटलेली स्टेरॉइडची गोळी असेल तर त्याला आत टाकाच. त्या पुडीनं पहिल्या आठवड्यात म्हातारी टुणटुणीत होते, तिसऱ्या महिन्यात तिचा चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि पुडी अचानक बंद केली तर जीवावर बेततं. पण झोळीवाल्याला पकडायचं आणि पानभर जाहिरात देणाऱ्याला मंत्रालयाकडून अभयपत्र द्यायचं, याला मोहीम कशी म्हणायची?

चरकाकडे परत जाऊ, कारण त्याच्याकडे अजून माल आहे. विमानस्थानात गुरू शिष्याला जो उपदेश करतो, तो म्हणजे सरळसरळ शपथविधीच आहे. रोग्याच्या घरात जाशील तेव्हा मन, बुद्धी, डोळे, कान सगळं त्याच्या आजारावर ठेव. त्या घरातली गोष्ट बाहेर नेऊ नकोस. ज्ञान असलं तरी त्याची फार बढाई मारू नकोस, कारण ज्याला खरंच येतं त्याच्याही बढाईचा लोकांना वीट येतो. आता कुठल्याही वेलनेस सेंटरचं पान उघडा. पहिल्या चित्रात ताईंचं पोट, दुसऱ्या चित्रात ताईंचं गेलेलं पोट. त्याखाली ताईंचे रिपोर्ट, नाव-वयासकट. ताईंना विचारलं होतं का? विचारलं असेल, अर्ध्या फीच्या सवलतीच्या बदल्यात.

त्याच उपदेशात स्त्रीकडून काही स्वीकारायचं तर तिच्या नवऱ्याची किंवा पालकाची परवानगी असावी, असंही आहे. काळ तो होता. नवऱ्याला बाजूला करून तिथे तिला स्वतःला बसवा, म्हणजे नियम आजही चालेल. मसाजच्या टेबलावर किंवा योगवर्गात ‘पाठ सरळ करून देतो’ म्हणत हात लावण्याआधी विचारायचं, नको म्हणाली तर हात मागे घ्यायचा. नामांकित गुरूंच्या वर्गांतून यावर जगभर किती तक्रारी झाल्या ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. तिथेही पहिला बचाव परंपरेचाच होता.

आता कावीळ. हा विषय टाळून महाराष्ट्रातल्या वैदूगिरीवर लिहिता येत नाही. घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की डॉक्टरच्या आधी अमक्या गावचा ‘कावीळ उतरवणारा’ आठवतो. तो नाकात थेंब टाकतो, गळ्यात माळ घालतो, नाहीतर हात धुवायला लावतो आणि पाण्यात पिवळा रंग उतरतो. सगळे थक्क. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी यांच्या भेटीत पाणी पिवळं होतं, रोगी नसला तरी होतं, टेबलाचा पाय धुतला तरी होईल. पण खरी मेख रंगात नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ही कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. म्हणजे उतरवणाऱ्याचा निकाल दहावीच्या बोर्डापेक्षा चांगला लागतो. उरलेल्यांत पित्तनलिकेत अडकलेला खडा असतो, हिपॅटायटिस बी असतो, कधी कर्करोग असतो, आणि गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झालेला असतो, ज्यात तिचा जीव जाऊ शकतो. ही उरलेली माणसं माळ गळ्यात घालून हॉस्पिटलात उशिरा पोचतात आणि उतरवणाऱ्याच्या हिशेबात कधीच धरली जात नाहीत.

त्याचा आणखी एक अलंकार आहे, तो पैसे घेत नाही. नारळ ठेवा म्हणतो. मला या नारळाचं भारी कौतुक वाटतं. पैसे घेतले नाहीत की चूक झाली तरी जबाबदारी येत नाही, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. पावती नाही, नोंद नाही, आणि बिघडलं तर ‘त्यानं काय मागितलं होतं तुमच्याकडे?’ म्हणून सगळा गाव आपल्यावरच उलटतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. काविळीचा त्या वाक्यात उल्लेख नाही. त्यामुळे कावीळ आजही निर्धास्तपणे नारळावर चालते.

‘तुम्ही अ‍ॅलोपॅथीचे एजंट’ असं पत्र येणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांना २०१३ मध्ये, एमआरआयसाठी रुग्ण पाठवला म्हणून, १२०० रुपयांचा चेक आला होता. त्यांनी तो खिशात घातला नाही, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. हे बातमी होण्याइतकं दुर्मीळ होतं, यातच सगळं आलं. तेव्हा पांढऱ्या कोटाला मी ओवाळायला निघालेलो नाही. पण शेजाऱ्याच्या घरात उंदीर आहेत म्हणून आपल्या घरातल्या उंदरांना परंपरा म्हणायचं, हा युक्तिवाद मला जमत नाही.

आणि पॅथींची सरमिसळ हा वेगळाच तमाशा. १९९२ मध्ये मुंबईत एका होमिओपॅथनं तापाच्या रोग्याला आधुनिक औषधं दिली. आधी विषाणूचा ताप म्हणून, मग टायफॉइड म्हणून. रोगी दगावला. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये स्पष्ट सांगितलं, की जी पद्धत तुम्ही शिकलाच नाहीत ती वापरलीत, तर त्या पद्धतीपुरते तुम्ही भोंदूच. तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. महाराष्ट्रात बीएएमएस डॉक्टरांना आधुनिक औषधं वापरायची वाट सरकारी आदेशांनी मोकळी करून दिलेली आहे, ते कायद्याचं झालं. माझी तक्रार पाटीची आहे. बाहेर ‘शुद्ध आयुर्वेद’, आत सलाइनच्या बाटल्या. अर्थात यात आपला वाटाही मोठा. सुई मारली नाही तर तो कसला डॉक्टर, असं म्हणत पायरी उतरणारे आपणच.

गुळवेलीचं काय झालं आठवतं? करोनाच्या काळात घराघरांत काढे उकळले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळ्यांनी गुळवेल घेतलेली. आयुष मंत्रालयानं ताबडतोब हे दिशाभूल करणारं आहे म्हटलं, आणि तुम्ही पाहिली ती गुळवेलच कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल, असा मुद्दा काढला. मुद्दा चांगला होता. फक्त तो काढा पिणाऱ्यांना आधी सांगायला हवा होता. ज्या देशात घरोघरी लोक कुंपणावरची वेल तोडून उकळतायत, तिथे ‘तीच वेल कशावरून’ हा प्रश्न यकृत सुजल्यावर विचारायचा नसतो. वनस्पती आहे, अपाय काहीच नाही, हे वाक्य जो वैद्य उच्चारतो त्याच्या अंगणात धोतरा लावून यावं.

परंपरेचा अभिमान मलाही आहे, फक्त माणसं वेगळी निवडतो. निसर्गोपचाराचा एवढा मोठा भक्त दुसरा झाला नाही, असे गांधीजी. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उपास. १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर तोंडसुख घेतलेलं. जानेवारी १९२४ मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते आणि अपेंडिक्सचं दुखणं उपटलं. त्यांना ससूनमध्ये हलवलं. त्यांनी पोटावर माती बांधून हट्ट धरला नाही. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, डॉक्टरांवर आपला विश्वास आहे, असं लिहून सही केली आणि १२ तारखेच्या रात्री कर्नल मॅडॉकच्या सुरीखाली गेले. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं केलं. एवढं होऊनही त्यांची निसर्गोपचारावरची श्रद्धा गेली नाही. १९४६ मध्ये उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम काढला. मातीनं काय होतं आणि काय होत नाही, हे कळत असलेला माणूसच मातीचा उपचार नीट चालवू शकतो.

त्याच १९२४ मध्ये, ससूनपासून साठेक किलोमीटरवर, लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद कैवल्यधाम उभं करत होते. नौली आणि बंध करताना पोटात दाब किती बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं, आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापून कुणालाही खोडून काढायला मोकळे ठेवले. शंभर वर्षांनी त्यांचेच वारसदार म्हणवणारे सांगतात, कपालभाती करा, कर्करोग पळेल. कुणी मोजलं, कधी मोजलं? विचारू नका. ब्लॉक व्हाल.

आणि गावातला चांगला हाडवैद्य. हो, असतात. बोटांनी चाचपून मुका मार कुठला आणि मोडलेलं हाड कुठलं ते ओळखतो. हाड कातड्यातून बाहेर आलेलं दिसलं, बोटं निळी पडलेली दिसली, की पट्टीला हात न लावता म्हणतो, हे माझं काम नाही, लगेच तालुक्याला जा, गाडी मी बघतो. या एका वाक्यात त्याचं गिऱ्हाईक जातं, बिदागी जाते. तो कुठल्याही कौन्सिलवर नाही आणि त्याला कोणी कोच म्हणत नाही. त्याच्या या वाक्याचा व्हिडिओ मात्र मी अजून कुठे पाहिलेला नाही, कारण ‘मला हे येत नाही’ या मजकुराला लाइक मिळत नाहीत.

पुढच्या आठवड्यात पत्रं येतील. त्यांतली निम्मी आजीच्या काढ्याची आठवण करून देतील. जरूर द्या. आजी काढ्याचे पैसे घेत नव्हती, बारा हप्त्यांचं पॅकेज विकत नव्हती, कुणाच्या पोटाचे फोटो ओटीवर लावत नव्हती. आणि तिसऱ्या दिवशी ताप हटला नाही की तीच घरच्यांवर ओरडायची, ‘आता काय बघत बसलात, डॉक्टरांना बोलवा!’